पुजलेली बाटली

नाशिक,
१९ जानेवारी १९९८

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. थंडी इतकी आहे की सकाळी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हातात धरवत नाहीत. साईचं बारावीचं वर्ष, म्हणून घरातला टीव्ही बंद. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

नव्या बोअरच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीला रीतसर येईलच. त्यात जे येणार नाही ते मी लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या विहिरीत नायट्रेट जास्त निघालं, मी सही केली, विहीर बंद झाली आणि तू बोलणं टाकलंस. म्हणून या वेळी तुमच्या नमुन्याला मी हात लावला नाही. चाचणी शेजारच्या टेबलावरच्या नसीमकडे दिली. या चाचणीत शेवटी पिवळा रंग येतो. जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. तुमचा रंग मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला. गावाला पुन्हा टँकर आणि तुझा अबोला जन्मभराचा, हेच पहिलं मनात आलं.

पण रंगात तांबूस झाक होती. ती मला खटकली. मग वाटलं, ती खरंच खटकते आहे, की खटकायला हवी आहे? दुसऱ्या कुठल्या गावाचा नमुना मी इतका निरखला असता का? दोन दिवस ती नळी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत राहिले, पण शंका काढली नाही. शेवटी नसीमच वैतागली.

"मॅडम, गाव तुमचं म्हणून टेस्ट करायची नाही, आणि गाव तुमचं म्हणून शंका पण घ्यायची नाही? मग गावाचा गुन्हा काय?"

ती स्वतःच नांदगावची एसटी धरून दुसरा नमुना आणायला गेली. परत आली ती हसतच. आपल्या आळीतल्या प्रतिभावहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन हापशावर उभ्या होत्या आणि तिच्याकडे बाटली मागत होत्या. आधीच्या बाटलीत त्यांनी आतही चांगली चिमूटभर हळद टाकली होती. नसीमने कारण विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या टायमाला या बाटलीतच आमची हीर गेली. म्हनून औंदा आधी बाटलीच पुजली."

नसीमने बाटली डोक्यावर उंच धरली आणि हापसा हवा तेवढा पुजून घ्या म्हणाली.

पहिल्या बाटलीतलं पाणी पिवळसर होतं, पण नव्या बोअरचा गाळ समजून नसीमने ते नुसतं गाळून घेतलं होतं. रंग हळदीने चढवला होता, आणि तांबूस झाकही तिचीच, चुन्याने हळद लाल होते तशी. नव्या नमुन्यात नायट्रेट मर्यादेच्या निम्म्याहून कमी आहे. दादा, पाणी चांगलं आहे. मी भर ऑफिसात टाळ्या वाजवल्या. काय झालं ते बघायला साहेब केबिनमधून बाहेर आले.

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. रंग पुन्हा तसाच गडद आला असता, तरी अहवाल तसाच गेला असता. हे तुला माहीत असलेलं बरं.

आणि बाटली द्यायला तू आला होतास तेव्हा मी आतच होते. माझी चौकशीही न करता निघालास. फाटकापर्यंत तुला खिडकीतून पाहिलं. हाक मीही मारली नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे, न बोलावता. घरी थांबू नकोस, हापशावर ये. तू हापस, मी ओंजळ धरते.

अजूनही तुझी धाकटी,
सुवर्णा