माझ्या माहेरचे जिन्नस

सोमवार, ता. ५ जानेवारी १९७६

लघवीत साखर निघाली! माझ्या! जन्मभर दुसऱ्यांची तोंडं गोड केली, आणि माझी साखर साठली ती कुठं बघा!

पायाची जखम दोन महिने भरेना म्हणून सूनबाईनं सांगलीच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर म्हणजे पोरगंच, मिसरूड नुकतं फुटलेलं. म्हणाला, "आजी, गूळ बंद, साखर बंद, भात मूठभर."

म्हटलं, "आवं, घरचा ऊस हाय, गुऱ्हाळ लागलंय, संक्रांत तोंडावर आलीया. आन् मी काय शेपू चघळत बसू व्हय?"

"शेपू चालेल," म्हणाला. चावट मेला.

नाही ऐकलं तर पाय जाईल म्हणाला, आणि पायामागं मी. म्हणजे पाय पुढं, आणि मी मागनं लंगडत!

मग घराण्याची चौकशी. ऐटीत सांगितलं — आई सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली. मावशी चौऱ्याण्णव. मामा नव्वदीत गेला, तोही आंब्यावरनं पडून. थोरली बहीण बनुअक्का एक्क्याऐंशीची, अजून लोणंदचा बाजार चालत करते. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, तुमच्या माहेरचे जिन्नस चांगले दिसतात, पण त्यांच्यावर विसंबू नका, खाणंही तसंच पाहिजे.

माहेरचे जिन्नस! या पोराला कुणी सांगितलं?

मंगळवार, ६

बनुअक्काला कार्ड टाकलं. बाजरी, हुलगे, मटकी, कारळाची चटणी, जे जे जिन्नस आपण लहानपणी खाल्ले ते घेऊन ये. डॉक्टरनं सांगितलंय. इकडं नांदायला आले आणि ऊसवाल्यांच्यात पोळ्या खाऊन बिघडले मी. जिन्नस पोटात गेले की झालं.

चहा बिनसाखरेचा. सूनबाईनं विचारलं, "कसा झालाय, आत्याबाई?" म्हटलं, "भांडी विसळल्यागत."

गुरुवार, ८

मरणाला मी भीत नाही. पण चैत्राच्या आत नको! मानसिंगच्या बायकोला सातवा लागलाय. मानसिंग माझा नातू, फौजेत आहे. बायको माहेरी विट्याला. पणतवंडाचं तोंड बघितलं की पणजीच्या अंगावर सोन्याची फुलं उधळतात. नातसुनेच्या बापाचा परमुलखात सोनं गाळायचा धंदा — त्यानं फुलं करूनसुद्धा ठेवलीत म्हणे! आता मी नसले तर काय फोटोवर उधळणार? फोटोही एकच आहे, त्यात डोळे मिटलेत.

आमच्या गावात ही फुलं कुणा बाईच्या अंगावर पडलेली नाहीत. पहिली मी. शेजारची तानुबाई जळून कोळसा होईल.

शनिवार, १०

काकवी खाल्ली. वाटीभर. गरम.

सूनबाईनं बोटं हुंगली माझी! पोलिसात का गेली नाही ही? म्हटलं, "सत्त्याण्णव वर्सांच्या आईची लेक हाय मी. वाटीभर काकवीनं मरतीया व्हय!"

रविवार, ११

बनुअक्का आली. एसटीतनं, डोक्यावर हे एवढं बोचकं. पाठ माझ्याहून ताठ!

नात सुहासिनी सांगलीला कॉलेजात सायन्स शिकते, ती सुट्टीला आलेली. बोचकं बघून आणि माझी हकीकत ऐकून पोट धरून हसायला लागली. "आजी, जिन्नस नव्हे गं! जीन्स! जीन्स म्हणाले असतील डॉक्टर!"

म्हणजे काय? तर आईबापाच्या रक्तातनं लेकराला जे मिळतं ते. नाक कसं, उंची किती, आयुष्य किती, सगळं थोडंफार त्यात लिहिलेलं. म्हटलं, "झालं तर मग! रक्तातच हाय तर आन तो गूळ!"

"तसं नाही," म्हणाली. "चांगलं बेणं खारपड रानात लावलं तर ऊस येईल का? बेणंही लागतं आणि रानही."

पोरगी बोलते झकास. पण मी तिला गूळ खाऊनच दाखवला. खडा कडाकड फोडून. "बनुअक्का, सांग हिला, आपल्या घराण्यात कोण नव्वदीच्या आत गेलंय?"

बनुअक्का बोचक्याची गाठ सोडत बसली. सुटत नव्हती वाटतं.

सोमवार, १२

गुळाच्या डब्यात हात घातला आणि बनुअक्कानं हातावर पळी मारली! एक्क्याऐंशीची बाई, चौऱ्याहत्तरच्या बाईला! "ठेव त्यो खडा."

"का? माझ्या रक्तात —"

"रक्ताचं नाव काडू नगंस, अंबे."

आणि डोळ्याला पदर. पळी तिनं मारली, रडतेय तीच. म्हातारी चळली म्हणायची.

मंगळवार, १३

सकाळी बनुअक्कानं परसात नेऊन सांगितलं. मी त्यांच्या रक्ताची नाही.

प्लेगच्या साली गाव रानात, झोपड्यांत होतं. शेजारच्या झोपडीतला नवरा गेला, दोन दिवसांनी बायको. दोघंही पंचविशीच्या आतले. मागं मी, दहा दिवसांची. त्याच आठवड्यात आमच्या आईचं तान्हं गेलं होतं. बनुअक्का सात वर्षांची, तिनं सगळं बघितलंय.

"सांगायचं न्हवतं गं कवाच. आईची शपथ हुती. पर तू आमच्या रक्ताच्या जिवावर गूळ खाया लागलीस."

सूनबाईनं हुलग्याचं माडगं केलं होतं. गपचूप प्याले. चैत्र गाठायचा तर आता माझा मलाच गाठायला पाहिजे.

मग बनुअक्काला विचारलं, "रोगी घरातलं पोर आईनं घेतलंच कसं?"

"समदी नगं नगं म्हनत हुती. आईनं कुनाकडं बघितलंच न्हाई. तुला पदराखाली घेतलं. तू चोखाया लागलीस, तवा कुठं आई रडायची थांबली."