कुटून दिलेली गोळी

३ तारीख, सोमवार
चुका होतील, डायरी, माफ कर. शाळा नववीतच सुटली. टायपिंग पण एका बोटाने — गोगलगाय बरी.
बाबांना आज पुन्हा जळजळलं. डॉक्टरांनी रोजच्या एका गोळीऐवजी दोन द्यायला सांगितल्या, तरी तेच. आत्या दारातूनच म्हणाली, "गोळ्या तू बाबाला देतेस की कोंबड्यांना?" मला कुणासमोर बोलताच येत नाही.
देते ना! रोज देते.

४ तारीख
कुटून देते. मधाच्या चमच्यातून. अख्खी त्यांच्या घशात अडकते. पण हे कुणाला सांगायचं नाही, बाबांनी शपथ घातलीय. डॉक्टर नाकात नळी घालतील अशी त्यांना भीती.

७ तारीख
आत्या बाबांना तिच्याकडे नेणार म्हणते. पोरीच्या भरवशावर किती दिवस ठेवायचं म्हणे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मग मी इथे काय करू?

९ तारीख
औषधवाल्या काकांकडे गेले. गिऱ्हाइकं संपेपर्यंत कोपऱ्यात उभी. मग विचारलं, हीच गोळी मऊ मिळते का, कुटायला सोपी. काका बघतच राहिले. म्हणाले, गोळीवरच्या त्या गुलाबी सालीतून पोटातलं आम्ल आत शिरत नाही, म्हणून औषध आतड्यापर्यंत धड पोचतं. साल फोडली की ते पोटातच मरतं.
"म्हणजे बाळा, तू रोज नेमाने काहीच देत नव्हतीस."
घरी येऊन खलबत्ता धुतला. परत धुतला.

१० तारीख
दमले. शपथ मोडू की नको.

११ तारीख
मोडली. दवाखान्यात आत्या पण होती. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नीट घेता ना? बाबा हो म्हणाले. मी फरशीकडे बघत म्हटलं, "मी कुटून देते. त्यांना गिळता येत नाही."
बाबांनी तोंड फिरवलं. मला वाटलं डॉक्टर ओरडणार. गोळीबद्दल ते बोललेच नाहीत. गिळता कधीपासून येत नाही, एवढंच विचारलं. सहा महिने, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. उद्या घशातून दुर्बीण घालणार.

१२ तारीख
दुर्बीण झाली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आत्यानेच चहा केला, मलाही दिला.

१५ तारीख
अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, अजून काढता येईल. गोळी कुटली काय नि अख्खी दिली काय, काही फरक पडणार नव्हता.
गिळता येत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं.