साबणाच्या यंत्राची खोड मोडली, त्याची हकिकत

ती. मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते, पण दुरूनच. जवळ असते तर "पत्र लिहायला एवढे महिने लागतात का गं?" म्हणत तू पाठीत धपाटा घातला असतास. गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला म्हणे घरातली सगळी धूळ दिसायला लागलीय आणि तू काकांना या वयात शिडीवर चढवतेस. जरा दमानं घे, काका एकच आहेत. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला आणि खोकल्यावरचं भाषण दोन्ही चालू आहे, लेक अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढतेय, आणि मी (मावशी, बसली आहेस ना?) मी जिंकले! कुणाशी भांडलीस म्हणून कपाळाला हात लावू नकोस. माणसाशी नाही, यंत्राशी. आणि हे मी मुद्दाम तुलाच लिहितेय, कारण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून तू आम्हाला घरीही ऐकवायचीस की माणूस एक वेळ भेदभाव करील, यंत्र करणार नाही. तर आता चष्मा लाव आणि वाच.

आमच्या हॉस्पिटलचं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली आहे हे तू चारचौघांत सांगतेसच (मात्र "स्वयंपाकीण" न म्हणता "आहारविभागात मोठ्या हुद्द्यावर" असं सांगतेस, तेही माझ्या कानावर आलंय). कुणाचं बिनमिठाचं, कुणाचं बिनसाखरेचं, कुणाला दात नाहीत म्हणून गाळलेलं, असा सगळा पसारा मी इतकी वर्षं सांभाळते आणि आजवर एका पेशंटचं ताट दुसऱ्याकडे गेलेलं नाही. तर आमच्याकडे एक नवे साहेब आले. त्यांना आम्ही स्वच्छतासाहेब म्हणतो, कारण ते दुसरं काही बोलतच नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी, हात धुवायच्या जागेवर, भिंतीत एक पांढरं यंत्र बसवलं. खाली हात धरायचा, साबणाचा फेस पडतो, मग पाणी येतं, हिरवा दिवा लागतो आणि दार आपोआप उघडतं. नाहीतर तांबडा दिवा लागतो आणि आतून एक बाई म्हणते, "कृपया हात धुवा." आवाज इतका गोड की ऐकून अंगाचा तिळपापड होतो. (नको असलेले पाहुणे दारात उभे राहिले की तू काढतेस ना, अगदी तो आवाज.)

पहिल्या दिवशी मी हात धरला. तांबडा दिवा. "कृपया हात धुवा." अगं, तेच तर करायला आलेय! परत धरला, पालथा धरला, दोन्ही धरले, वर-खाली हलवले. मागे रांग लागलेली, आणि मी त्या डब्यापुढे भीक मागितल्यासारखी उभी. शेवटी बाजूच्या साध्या नळावर कोपरापर्यंत हात खसखसून धुतले आणि ते ओले हात त्याच्यासमोर धरले. बाई म्हणाली, "कृपया हात धुवा." एवढ्यात भाजी चिरणारी आली, तिने नुसतं बोट दाखवलं तर यंत्राने ओंजळभर फेस ओतला. दार उघडलं आणि मी तिच्या पाठोपाठ आत घुसले. माझ्याच स्वयंपाकघरात, चोरासारखी.

मग मी उपाय सुरू केले. अंगठी काढली, बांगड्या मागे सारल्या. हात गार म्हणून ओळखत नसेल असं वाटून ते शेगडीवर शेकून आणले. कुणीतरी म्हणालं, हळू नेला की कळतं, म्हणून मांजराला पकडायला जावं तशी दबकत गेले. एकदा आजूबाजूला कुणी नाही बघून त्याला "बाळा" सुद्धा म्हटलं. (हे कुणाला सांगू नकोस.) त्याचं आपलं एकच पालुपद. माझ्यासारखीच गत भांडीवाल्या दोघींची आणि कोठीवाल्याची, पण त्यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. माणसाला असं वाटायला लावणं फार सोपं असतं, मावशी.

समोर कुणाच्या गळ्यातलं ओळखपत्र आहे यासकट हे सगळं त्या डब्यातून साहेबांच्या कॉम्प्युटरवर जात होतं, हे आम्हाला नंतर कळलं. साहेबांनी एके दिवशी सगळ्यांना उभं केलं आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, तुम्ही एकदाही हात धुतल्याची नोंद नाही. पेशंटच्या जेवणाशी असा खेळ चालणार नाही. पहिल्या तारखेपासून तुम्ही चुलीजवळ यायचं नाही, ताटांच्या ढकलगाडीवर जायचं. मी म्हटलं, साहेब, मी हात धुते, हवं तर हुंगून बघा. ते म्हणाले, यंत्र खोटं बोलतं का? अगं मावशी, माणूस काही बोलला तर लोक साक्षीदार शोधतात, यंत्र बोललं की तोच पुरावा. ज्यांच्यासमोर मी आयुष्य घालवलं ती माणसं खाली बघायला लागली. मी रडले. कोठीत जाऊन कांद्याच्या पोत्यांवर बसून रडले, म्हणजे कुणी विचारलंच तर कारण तयार. ढकलगाडीचं मला वाईट वाटलं नाही गं. मला घाणेरडी म्हटलं याचं वाटलं. लहानपणी आपल्याच नात्यात "काळी आहे, पण हुशार आहे" असं म्हणायचे, तो "पण" मी आजवर उचलून फिरतेय, त्याची सवय झाली. पण घाणेरडी असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

इथे गोष्टीत पिठाबाई येते. आमच्याकडे पावाचं पीठ मळणारी ही बाई अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली, आणि रंगाने माझी सख्खी बहीण शोभावी अशी. साहेबांनी फळ्यावर तिचा फोटो लावला होता, खाली लिहिलं होतं "आदर्श हात", कारण यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे हात धुण्यात तिचा पहिला नंबर. आता पिठाबाईला मी ओळखते. ती हात धुते म्हणजे पाण्याला हात दाखवून आणते. मी विचारलं, तुला कसा साबण देतं गं ते? ती म्हणाली, "देवमाणूस आहे बिचारं, मी नुसती पिठाच्या खोलीतून बाहेर आले की पान्हा फुटतो त्याला." आणि त्या बाईने मला हात दाखवले. कोपरापर्यंत पांढरेफटक, पिठात माखलेले.

मावशी, तेव्हा मला तू आठवलीस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, मग काय होतं ते बघायचं, असं तू पाढ्यांसारखं म्हणवून घ्यायचीस. दुपारी सामसूम झाल्यावर मी डावा हात तसाच ठेवला आणि उजवा पिठात बुडवला. डावा धरला, "कृपया हात धुवा." उजवा धरला, फसकन फेस! परत डावा, परत उजवा. मी इतका वेळ हे करत राहिले की भिंतीतला साबण संपत आला आणि जमिनीवर घसरगुंडी झाली. (कोठीवाला पडला. मुका मार आहे, आता बरा आहे.) मग वाटलं, पिठाचा वास आवडत असेल तर? म्हणून दुसरं पांढरं काहीतरी हवं होतं. माझ्या कपाटात तू दर वर्षी पाठवतेस ती गोरं व्हायच्या क्रीमची बाटली होती. (खरं सांगू? तिने मी कपाटाच्या बिजागरीची करकर घालवते.) चांगला बोटभर थर डाव्या हातावर थापला. मावशी, साबण आला! इतक्या वर्षांत तुझ्या त्या क्रीमने पहिल्यांदाच काहीतरी काम केलं!

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी आपापले हात त्याखाली धरून पाहिले असणार, साबण आला असणार, आणि एकमेकांची पाठ थोपटून ते चहा प्यायला गेले असणार. आमच्यासारखा हात त्यांच्या खोलीत नव्हताच. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला अजूनही पटतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. ज्याला आपण आहोत हेच ठाऊक नाही, त्याच्याशी काय भांडणार?

पण संधी चालून आली. महिनाअखेरीला हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वयंपाकघर बघायला यायच्या होत्या. मी ठरवलं, त्यांच्यासमोर प्रयोग करायचा: एक हात पिठाचा, एक साधा. रात्रभर मनातल्या मनात भाषण पाठ केलं. आणि काय झालं ठाऊक आहे? त्या आल्या, मी पुढे झाले, हात पिठात बुडवला, भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं आणि जन्माच्या सवयीने पिठाचा हात पदराला पुसून टाकला! दोन्ही हात धरले. "कृपया हात धुवा. कृपया हात धुवा." साहेब मोठ्याने हसले. डॉक्टरीणबाईंना ते म्हणाले, बघा, मी हेच सांगत होतो.

तेवढ्यात पिठाबाई. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. "सरका जरा" म्हणत तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि आपले पिठाने माखलेले, न धुतलेले, गोळे लोंबणारे हात यंत्राखाली घातले. साबण आला, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. ती म्हणाली, "बघा बाई, माझ्या हातांवर अख्खी बेकरी आहे आणि मी आदर्श. हिचे हात ताटासारखे स्वच्छ आणि ही घाणेरडी." मी म्हटलं, साहेब, आता तुम्ही धरा. साहेबांनी नुकतंच फायलींवर बसलेल्या धुळीत बोट फिरवून कोठीवाल्याला दाखवलं होतं, तोच हात त्यांनी धरला. गोरापान. हिरवा दिवा.

आता डॉक्टरीणबाईंचं सांगते. त्या रंगाने माझ्याहून एक छटा गडद. सकाळपासून ऑपरेशनं करून आलेल्या. दिवसातून कितीदा हात घासून धुतात याची गणती नाही, पण तिकडे त्यांचे नळ कोपराने उघडायचे, यंत्र फक्त आमच्या वाट्याला. त्यांनी बाह्या सारल्या, साध्या नळावर हात धुतले, आमच्यापेक्षाही नीट, नखं, बोटांच्या मधलं, मनगट, सगळं. मग शांतपणे यंत्राखाली धरले.

"कृपया हात धुवा."

त्यांनी परत धरले. परत तेच. मग त्या साहेबांकडे वळल्या आणि इतक्या सौम्य आवाजात, की मीच घाबरले, विचारलं, "माझीही पहिल्या तारखेपासून ढकलगाडीवर बदली का?" साहेबांना घाम फुटला. भांडीवाल्या दोघी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी हसले नाही. मला परत रडू येत होतं, आणि या वेळी कांदे जवळ नव्हते.

पुढचं थोडक्यात. यंत्राच्या कंपनीतून एक इंजिनियर मुलगी आली, चांगली होती, हातचं काही राखून बोलली नाही. म्हणाली, हे यंत्र डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकतं, तो हातावरून परत आला की त्याला हात कळतो. गडद हातावरून कमी परत येतो, आणि किती परत आला तर चालेल हे ठरवताना आम्ही चुकलो. तिने आतलं काहीतरी फिरवलं. मी हात धरला. साबण आला. मावशी, साधा साबण गं, पण मी तो फेस हातात घेऊन नुसती बघत उभी राहिले. आणि साहेबांनी जिथे मला उभं केलं होतं तिथेच, त्याच सगळ्यांसमोर, डॉक्टरीणबाईंनी त्यांना माफी मागायला लावली. त्यांनी ती माझ्याकडे बघून मागितली. मी चुलीजवळच आहे. माझ्याबरोबर कोठीवाला आणि त्या दोघीही आता दारातून ताठ मानेने आत जातात.

काकांना नमस्कार, शिडीवर असतील तर खाली उतरल्यावर सांग.

तुझी जिंकलेली भाची

ता. क. फळ्यावरून पिठाबाईचा फोटो काढला. ती माझ्याशी बोलत नाही. यंत्र दुरुस्त झाल्यापासून तिला दिवसातून कितीतरी वेळा खरंच हात धुवावे लागतात, तेही मी शेजारी उभी राहून बघते म्हणून.

आणखी ता. क. साहेब एकदम गरीब झालेत. काल स्वतःहून विचारत होते, सूप चाखून बघू का. मी म्हटलं, आधी हात धुवा.

आता मुख्य कामाचं. ती कंपनी नवीन यंत्र काढतेय आणि बाजारात आणण्याआधी आमच्यासमोर तपासायचं म्हणते. मला बोलावलंय, इंजिनियरांपुढे दोन शब्दही बोलायचेत, आणि मी हो म्हणून बसलेय. पाठ केलेलं भाषण माझ्या हातून कसं निसटतं ते तू वाचलंसच, तेव्हा तू ये आणि समोर बस. मी अडखळले तर वर्गात वटारायचीस तसे डोळे वटार. आणि दुसरं असं की सगळ्या रंगांचे हात मी गोळा केलेत, अगदी काळ्यापासून गव्हाळपर्यंत. तुझ्याइतका गोरा मात्र आमच्या ओळखीत कुणाचाच नाही, भाजी चिरणारीचाही नाही, साहेबांचाही नाही, आणि तो नसेल तर तपासणी अर्धी राहील. तर तुझा हात हवाय. तिथे सर्वांत गडद हात आधी तपासायचा असं मी ठरवून दिलंय, त्यामुळे रांगेत तुझा नंबर शेवटचा. जन्मात पहिल्यांदाच येईल, म्हणून आधीच सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यापर्यंत साबण नक्की उरेल.