वेशीवरची रांग

४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. दुकानातल्या स्क्रूंच्या डबीत टाकून विसरू नकोस. त्यात आमचा गेम आहे. पूर्ण नव्हे, चाखण्यापुरता, डेमो. एक राज्य, एक ड्रॅगन आणि तू. तू म्हणजे वैदू, चोर, भालाईत, जे निवडशील ते. बायकोलाही बसव. मग दोघांनी पहिल्यांदा काय वाटलं ते कागदावर लिहून पाठवायचं. फोन करायचा नाही. फोनवर तू मला बरं वाटेल असं बोलतोस. कागदावर तुला खोटं लिहायचा कंटाळा येतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

आम्ही चौघं एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. खाली मशिनी सुरू झाल्या की आमची टेबलं थरथरतात आणि दाढी म्हणतो, ड्रॅगन जवळ आला. दाढी म्हणजे आमचा प्रोग्रामर. माणसं, दारं, वारा, सगळं हलवण्याचं काम त्याचं. त्यांना बोलायला लावायचं काम माझं.

महिनाअखेरीला दोन पाहुणे येणार आहेत. त्यांना डेमो आवडला तर ते पूर्ण गेमचा खर्च उचलतील. नाही आवडला तर खोली सोडायची आणि मी पुन्हा हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे. आई काही बोलणार नाही. मी ती खिडकी सोडल्यापासून तिने माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारते.

तिला डेमो दाखवू नकोस. कारण आहे.

लोभ आहे असं धरून चालले आहे. नसला तर खेळून झाल्यावर कळव.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. काल मी दुकान लवकर बंद केलं. एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला सांगितलं की राज्य संकटात आहे. तो म्हणाला, चष्मा कधी मिळेल.

ताई, हे तू केलंस? सुरुवातीला ती टेकडी येते आणि गवत वाऱ्याने एका बाजूला झोपतं, तिथेच मी बराच वेळ उभा राहिलो. मी वैदू झालो. झाडपाला तोडला की बोटं हिरवी होतात आणि नदीत हात घालेपर्यंत तशीच राहतात, हे पाहून मी बायकोला हाका मारून आणलं. ड्रॅगनची सावली आधी येते आणि ड्रॅगन नंतर, त्या मधल्या वेळात माझी चहाची कपबशी लवंडली. रात्रभर डोळ्यांपुढे तेच. सकाळी एकाच्या चष्म्याला दोन्ही काचा डाव्या डोळ्याच्या लावल्या.

बायको चोर झाली आणि पहिल्याच नदीत बुडाली. पुन्हा गेली, पुन्हा बुडाली. दिवसभर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाईचा हा अपमान आहे, असं तिने तुला लिहायला सांगितलंय. तुमचा नायक पाण्यात डोकं वर काढून हात आपटतो, त्याला ती आधी आठवडाभर उथळ भागात कडेला धरून पाय मारायला लावील. दाढीला ती इथे पाठवून दे म्हणते, फी घेणार नाही. हे सगळं चिडून बोलली, पण रिमोट काही हातातून सोडला नाही. जेवणही मलाच वाढून घ्यावं लागलं.

आता आईला न दाखवण्याचं ते तुझं कारण. नगराच्या वेशीवर टेबल टाकून बसलेली ती बाई. पुढे माणसांची रांग, बाई एकेकाला आत सोडते, चष्मा दोरीवर, आणि चष्म्यावरून बघणं. ताई, ती दोरी मीच ओवलेली आहे. मी खुर्चीतून पडायचा राहिलो. बायको नुसती हसत सुटली.

रांगेत मात्र आम्ही उभे राहिलो नाही. शेजारी गटाराची जाळी सैल दिसली, तिथून आत गेलो. बरोबर केलं ना?

आईला काही सांगितलेलं नाही. लोभ होताच, आता त्यात थोडा धाक मिसळलाय.

तुझा,
ठोंब्या


१६ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. हिरव्या बोटांपाशी आमची चित्रकार खिडकीशी जाऊन उभी राहिली, कारण ती बोटं तिने रंगवली होती. दाढीने पोहण्याचा भाग तीनदा वाचायला लावला. तो आता पोहण्याच्या चित्रफिती बघतोय आणि खुर्चीत बसून हात मारतोय. तुझ्या मासोळीला सांग, माफी मागितली आहे.

गटाराचं विचारलंस. सगळेच गटारातून जातात. बाहेरच्या ज्या ज्या माणसांना आम्ही डेमो दिला, ते सगळे. रांग बघतात, एकदोघांशी बोलतात, आणि जाळी. दाढीचं म्हणणं सरळ आहे: कुणी थांबत नसेल तर वेस, रांग, बाई सगळं काढून टाकू आणि पाहुण्यांना थेट ड्रॅगनच्या सावलीत उभं करू. त्याचं चुकत नाही. रांगेतली माणसं मी लिहिली आहेत म्हणून मला ती ठेवायची आहेत, याला काही कारण म्हणत नाहीत. पाठीवर दार घेऊन आलेला सुतार, एकाच घोड्यावर हक्क सांगणारे दोन भाऊ, आपण कशाला आलो ते न आठवणारा म्हातारा. वर्षभर मी त्यांच्यासोबत राहिले. पाहुणे यायच्या आत ठरवायचं आहे.

बाई आईच आहे. दवाखान्यात डॉक्टरांच्या दाराबाहेर ती आयुष्यभर बसली, आपण शाळा सुटली की तिच्या टेबलाखाली दप्तरं ठेवायचो. माणसं तिला घाबरायची आणि तरी तिच्याकडेच बघत बसायची. ते मला गेममध्ये हवं होतं. तिला विचारलं नाही. विचारायची सोय कुठे आहे? म्हणून म्हटलं, दाखवू नकोस. ती म्हणेल, माझं सोंग काढलंस.

लोभ असतोच तुझा, आता थोडी अक्कलही पाठव.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. आईने पाहिला. मारू नकोस, आधी वाच.

रविवारी खेळ सुरू ठेवून मी दाराशी गिऱ्हाइकाशी बोलायला गेलो. परत येतो तो आई माझ्या खुर्चीत. पडद्यावर टेकडी. मला म्हणाली, हे गवत तुझ्या ताईने केलं का? मी म्हटलं, गवत दाढीने केलं, माणसं ताईने. मग माणसं कुठे आहेत, म्हणाली. मी रिमोट हातात दिला.

चालायला शिकेपर्यंत ती झाडांवर आपटली, प्रत्येक झाडाला माफ करा म्हणाली. वेशीपाशी पोचली. बाईला पाहिलं.  आईने आपला चष्मा नाकावर चढवला आणि एवढंच म्हणाली की टेबल दाराच्या फार जवळ आहे, आत कोण काय बोलतं ते ऐकू येईल. आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं, आई, जाळी सैल आहे, सगळे तिथून जातात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

ताई, तुला माहीत होतं का, ती रांग पुढे सरकते? खरंच सरकते. आई प्रत्येकाशी बोलली. सुताराला विचारलं की दार कुणाचं, घोडेवाल्या भावांना गप्प बसा म्हणाली, पडद्यालाच. मागे तो म्हातारा येऊन उभा राहिला, तर याला बसायला काही नाही का म्हणून माझ्यावर चिडली. बायको येऊन बसली, मी बसलो. आम्ही तिघं रांगेत उभे. ड्रॅगनपेक्षा जास्त धडधड मला तिथे झाली, खोटं नाही लिहीत. घोडेवाले गेले, सुतार दार आडवं करून आत शिरला, आणि आईचा नंबर लागला. बाईने मान वर केली. चष्म्यावरून पाहिलं. खाली अक्षरं आली:

«आईला विचारायचं.»

बस. दुसरं काही नाही. दार उघडेना. आईने बटण पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

आईने रिमोट मांडीवर ठेवला. मला विचारलं, खेळतंय कोण हे याला कळतं का? मी म्हटलं, नाही, कसं कळेल. ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, काय विचारायचंय?

हे तुझं काम. तूच सांग. खेळ तिने बंद करू दिलेला नाही. दोन दिवस टीव्हीवर वेस आहे.

लोभ राहू दे, निदान उत्तर येईपर्यंत.

ठोंब्या


२४ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद वगैरे सगळं.

ती माझी टीप आहे. बाईने रांगेतल्या माणसाला काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून तिच्या वाक्याच्या जागी मी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. विचारायचं राहिलं. गटारामुळे तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही, त्यामुळे कुणाला दिसलंही नाही. रांग दाढीने एका दुपारी चालती केली होती, तो स्वतः विसरला होता. तुझं पत्र वाचल्यावर तो उठून उभा राहिला आणि कुणीतरी पोचलं, कुणीतरी पोचलं म्हणत जिन्यावरून खाली शिंप्याला सांगून आला.

आईला म्हणावं, हेच विचारायचं होतं. माणूस थांबून थांबून तुझ्यापाशी आला, आणि आत सोडता येत नाही अजून. काय म्हणायचीस तू?

उत्तर नाही आलं तरी चालेल असं तिला सांग. मला चालणार नाही.

ताई


२६ मार्च

चि. सौभाग्यवती होशील तेव्हा होशील, तूर्त नुसत्या चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न पोचला. सरळ मला लिहिला असतास तर एक टपाल वाचलं असतं.

माणूस वेळ लागतो म्हणून चिडत नाही. आपण इथे आहोत हे कुणाला ठाऊकच नाही असं वाटलं की चिडतो. म्हणून आधी मान वर करायची. हातातलं काम तसंच ठेवून. ते तुझी बाई करते, ते बरोबर दाखवलं आहेस. मी वाकडं बघते असं मला वाटत नव्हतं, पण असेन.

पाचच मिनिटं, असं कधी म्हणायचं नाही. आत डॉक्टरांना किती वेळ लागेल हे आपल्याला माहीत नसतं. मी म्हणायचे, तुम्हाला बघितलंय, यांच्यानंतर तुम्ही. आणि मग तसंच करायचं. ओळखीचा आला, मोठा माणूस आला, तरी तसंच. फक्त तापाने फणफणलेलं मूल मध्ये घ्यायचं, आणि ते घेताना सगळ्या रांगेला सांगायचं.

तू औषधांची खिडकी सोडलीस तेव्हा मला वाटलं, चांगली माणसांत बसायचीस, आता भिंतीकडे तोंड करून बसणार. म्हणून विचारलं नाही. तो सुतार दार का घेऊन आला, ते मात्र मला कळलेलं नाही. तेवढं कळव.

गटारातून मी जाणार नाही. वेशीपाशीच आहे.

जेवत जा. माया आहे, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
आई


२ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

वि. वि. तुझं पत्र पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आलं. मी ते दाढीपुढे ठेवलं. त्याने ते वाचलं, वेस काढून टाकलेला डेमो बंद केला आणि बाईचं टेबल दारापासून थोडं लांब सरकवलं. गटाराची जाळी राहू दिली आहे. ज्याला जायचं त्याने जावं.

पाहुणे म्हणजे एक टाय लावलेले गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थ गटारातून गेले, ड्रॅगनशी लढले, घाम पुसला, छान म्हणाले. बाईंना मध्येच फोन आला. रिमोट खाली ठेवून त्या बोलत राहिल्या, आणि त्यांचा माणूस रांगेत उभा होता तो आपोआप पुढे सरकत गेला. फोन ठेवून बघतात तर वेशीवरची बाई मान वर करून त्यांच्याकडे बघते आहे. «तुम्हाला बघितलंय. यांच्यानंतर तुम्ही.» आई, त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या. केस नीट केले. खाली मशिनी चालू होत्या, दाढी माझा हात इतका दाबत होता की बोटं सुजली. मग सुतार आत गेला, आणि त्यांच्यासाठी वेस उघडली.

जाताना म्हणाल्या की आणखी एक गेम बघायचा बाकी आहे, तो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. जिन्यापर्यंत गेल्या, वळल्या, आणि आम्हा चौघांना म्हणाल्या, तुम्हाला बघितलंय.

तेव्हापासून आम्ही थांबलो आहोत. मी जेवते आहे.

सोंग काढलं म्हणून रागावली नाहीस ना? सुतार दार घेऊन आला कारण त्याने ऐकलं होतं की या नगराचं दार फार वेळ बंद असतं. नवीन डेमो सोबत आहे. यात तुझ्यासाठी उघडेल.

लोभ लिहून नाही दाखवलास तरी पोचतो.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट बंद करत होते तोच फोन आला. झालं, आई. गेम होणार. पूर्ण होणार. दाढी खाली शिंप्याला मिठी मारून वर आलाय, त्याच्या दाढीत दोरे अडकलेत.


९ एप्रिल

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ठोंब्याने दुकानात गिऱ्हाइकांपुढे वाचून दाखवलं. मी त्याला ओरडले. मग पुन्हा वाचायला लावलं. तुझी भावजय आता बुडत नाही, पण दाढीच्या नायकाचे पोहताना गुडघे अजून वाकतात म्हणते.

त्या बाईंनी तुम्हाला बघितलंय म्हटलं, तेव्हाच मला कळलं होतं की बोलावतील. उगाच कुणी म्हणत नाही ते.

काल आत गेले. तुझ्या बाईने मला माझंच वाक्य ऐकवलं तेव्हा मला हसू आलं आणि मग चष्मा पुसावा लागला. वेस उघडली. आत दिवे, बाजार, एका गच्चीवर वाळत घातलेले कपडे, खूप सुंदर आहे. ठोंब्या मागून ड्रॅगनकडे चल, ड्रॅगनकडे चल करत होता.

मी वळून बघितलं. तो म्हातारा अजून बाहेर उभा आहे. तुझी बाई त्याच्याकडे बघतच नाही, खाली मान घालून लिहीत बसली आहे. माझ्यानंतर त्याचाच नंबर होता. मी त्याला सांगितलं होतं.

मी वेशीच्या आतल्या बाजूला थांबले आहे. त्याचं काय ते लिही, मग पुढे जाईन.

तुझी,
आई