चिंधी बांधलेल्या शेंगा

२५ सप्टेंबर १९९५, सोम.
घटस्थापना. सासूबाई घटाच्या मातीत धान्य पेरत होत्या, तेवढ्यात मी परसात आईचा घेवडा लावला. नऊ बिया. आई बी चुलीच्या राखेत ठेवायची; ती गेल्यावर त्या डब्यात एवढ्याच सापडल्या. तिकडे केजला माहेरी अण्णांनी शेताचं जुनं कुंपण काढून तार ओढली, त्यात वेल गेला. म्हणजे आता या घेवड्याच्या जगात नऊच बिया, त्याही माझ्याकडे. पण घाबरायचं काय त्यात? माझ्या हातचं आजवर काही मेलेलं नाही. (तुळस सोडून. ती ह्यांनी चहाचं गरम पाणी ओतून मारली.)
दोन बोटं खोल, डोळा खाली. पेरूच्या झाडाजवळ, म्हणजे चढायला आधार.

२८ सप्टें., गुरु.
हे अंबाजोगाईहून दुकानाचं कापड घेऊन आले, सोबत घेवड्याच्या बियाचं पाकीट. चकचकीत, वर शेंगांचा फोटो. बी गुलाबी, औषध लावलेलं. "पंचेचाळीस दिवसांत शेंग. तुझ्या आईच्या घेवड्याला जमतंय का बघ." न्हाणीच्या पाण्याकडचा अख्खा वाफा घेतला. तागे मोजणारा माणूस आता मला शेती शिकवणार. बरं, होऊन जाऊ द्या.

३ ऑक्टो., दसरा
उगवले: ह्यांचे सगळे. माझे ५/९. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला हे परसात नेऊन दाखवतायत.

५ ऑक्टो., गुरु.
राहिलेल्या चार उकरून पाहिल्या. तीन कुजलेल्या, चौथी मुंगळ्यांनी नेली. पाणी जास्त झालं, चूक माझीच. असो. पाच पुष्कळ झाले. पाचवीच्या वर्गात पन्नास पोरं सांभाळते, पाच वेलांचं काय एवढं.

२४ ऑक्टो., मंगळ.
ग्रहण. सगळी गल्ली टीव्हीला चिकटलेली. सासूबाईंनी पाण्यात, दुधात, लोणच्यात तुळशीचं पान टाकलं आणि मला परसाचं दार उघडू दिलं नाही. "आज येलाला हात लावू नगंस, सांगून ठिवते." त्या परळीच्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या, भाजी कायम बाजारातून. देवाचं सगळं पाठ, शेतीचं काही माहीत नाही. आंघोळी झाल्यावर जाऊन पाहिलं तर वेल काठी सोडून पेरूवर चढलाय. ग्रहण त्याला कळलंसुद्धा नाही.

१ नोव्हें., बुध.
शेजारच्या शेळीनं तीन वेल मुळापासून खाल्ले. मी शाळेत. सासूबाई जपमाळ घेऊन बसलेल्या, त्यांना वाटलं शेळी गवत खातेय. राहिले दोन. काटेरी फांद्या लावल्या. दोन तर दोन.

१२ नोव्हें., रवि.
पंचेचाळिसावा दिवस. ह्यांच्या वाफ्याला खरोखर शेंगा. मोजून बसले होते! भाजी केली. दिसायला छान, कोवळी, पण चव शोधावी लागली. "बरी झालीय" म्हटलं. संसार आहे.
माझ्या वेलांना फुलं. जांभळी, आईच्या वेलाला असायची तशीच.

१९ नोव्हें., रवि.
अण्णा परळीला जाताना येऊन गेले. वेलाचं पान हातात धरून पाहिलं. मग म्हणाले, "सुमे, बी धर गं. आपल्याकडं एक दाणा न्हाई. तार वढायची घाई मीच केलती." डोळे पुसले. वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं, आईच्या दहाव्या दिवशीही नाही. म्हटलं, "संक्रांत झाली की या. ओंजळभर देते." शब्द देऊन बसले. पाळीनच.

३ डिसें., रवि.
शेंगा भरायला लागल्या. आईची पद्धत: बुडाकडच्या, पहिल्या बहरातल्या लांब शेंगा बियाला ठेवायच्या. त्यांना चिंधी बांधायची, म्हणजे कुणी तोडत नाही. तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून अकरा शेंगांना बांधला. फाडताना जिवावर आलं. पण तिनंच शिकवलेलं काम, तिच्याच लुगड्यानं.

१० डिसें., रवि.
चिंधीच्या सोडून बाकी सगळ्या शेंगा तोडून गल्लीत वाटल्या. चार घरांतून निरोप, "बाई, असला घेवडा कुटं खाल्ला न्हाई." हे मुकाट्यानं ऐकत होते. मजा आली. मी स्वतः एकही चाखली नाही. पुढच्या वर्षी पोटभर.

२१ डिसें., गुरु. येळवस (वेळ अमावस्या)
संध्याकाळ.
सगळे वाट्यानं दिलेल्या शेतात गेलो. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव, नैवेद्य, सगळं नेहमीसारखं. मी पहाटेपासून बाजरीचे उंडे नि आंबील केली, भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, सासूबाईंनी. तीत घालायला ह्यांच्या वाफ्यातल्या शेंगा मी कालच तोडून दिल्या होत्या. भज्जी अशी झाली की दोनदा वाढून घेतली. अगदी आईच्या हातची. तसं म्हटलंही, "आत्याबाई, आज लई भारी झालीय."
त्या खुलल्या. "न्हाई कशी व्हायची? तुझ्या नवसाच्या शेंगा हायत."
"कसला नवस?"
"अगं, चिंध्या बांधल्यात न्हवं का येलाला. पांडवांला घालायच्या म्हणूनच बांधल्यात, येवढं कळत न्हाई व्हय मला? आन् ती पाकिटातली औषधाची शेंग देवापुढं कावून ठिवायची? ती ठिवलीया घरलाच."
घास हातातच राहिला. अकराच्या अकरा.
सगळ्यांसमोर त्यांना बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

२२ डिसें., शुक्र.
शाळेत गेले नाही. काल ताटातले दाणे वेचून रुमालात आणले होते. शिजलेलं बी. ते काय उगवणार? तरी सकाळी धुऊन वाळत घातले आणि मग माझं मलाच हसू आलं, आणि मग रडू. आई गेली तेव्हा एवढी रडले नव्हते.
सासूबाई जेवल्या नाहीत. हे दोघींच्या मध्ये नुसते येरझारा घालतायत.
दोष त्यांचा कसा? मी सांगितलं होतं कधी? मला वाटलं, चिंधीचा अर्थ काय कुणाला सांगायचा. परळीत चिंधी देवळापुढच्या झाडाला बांधतात, एवढं माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

२६ डिसें., मंगळ.
स्टूल घेऊन पेरूवर चढले. शेंड्याला उशिराच्या तीन शेंगा! सुईएवढ्या. मावा पडलाय, राख उडवली. थंडी आहे, वेल थकलाय, पण हिरवा आहे. तीन शेंगांत पंधरा बिया धरू. मी नवावर सुरुवात केली होती.
दुपारी सासूबाईंजवळ बसले. आईची पद्धत, तो डबा, अण्णांना दिलेला शब्द, सगळं सांगितलं. त्यांनी जपमाळ खाली ठेवली. मग, "आन् मला कावून न्हाई सांगितलंस?" त्याच पुढं म्हणाल्या, "मला वाटलं, सुनेचा नवस आपल्या हातनं फेडावा." पाय धरले त्यांचे. त्यांनी भाकरी मागितली.

१० जाने. १९९६, बुध.
एक शेंग गळाली. राहिल्या दोन. बऱ्या फुगल्यात. सासूबाई रोज विचारतात: अजून किती दिवस, रंग कसा होतो, वाळली हे कळतं कसं. इतके प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारत नाही. यांना पाचवीत बसवायला हवं.

२१ जाने., रवि.
अण्णांचं कार्ड. गुरुवारी येतायत. बियाला डबी घेऊन येतो असं लिहिलंय.
एक शेंग पिवळी पडायला लागलीय, दुसरी अजून हिरवी. गुरुवारपर्यंत वाळणं अवघड. आणि आज सकाळपासून आभाळ. पाऊस आला तर शेंगेतच कुजेल. तरी मला वाटतं, होईल. एवढं झालं, हेही होईल.
आत दाणा कडक झाला का ते दाबून पाहायला गेले. पेरूखाली पोतं टाकून सासूबाई बसलेल्या, हातात काठी, मांडीवर खताची प्लास्टिकची पिशवी, थेंब आला की शेंगांवर घालायला. पोपटांसाठी बसल्या असतील म्हणून मी सरळ पुढं गेले, तर काठी माझ्याचपुढं आडवी.
"लांब हो. कुणालाच हात लावू देत न्हाई मी. इहिणबाईचं बी हाय ते."
म्हटलं, "आत्याबाई, माझीच आई की ती."
"आसू दे. तितूनच बघ."
मग तिथूनच बघितलं.