हिरवी चिंधी

१४ नोव्हेंबर

ट्रक सकाळी गेला. वस्तीवरची सगळी घरं ऊसतोडीला, यंदा सांगलीच्या बाजूला. मागं राहिलो आम्ही: मी, बहिरे आबा आणि चार घरांच्या मिळून तेवीस कोंबड्या. माझ्या गणेशची दहावीची भूगोलाची वही सापडली, मागची पानं कोरी. बोलायला कुणी नाही तर लिहावं म्हटलं.

गया सगळ्यांत शेवटी चढली. तिच्या सुनेला, पूजाला, सातवा महिना लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. म्हणून गयानं सटवाईला नवसाचा कोंबडा बोललाय, लाल, काळ्या शेपटीचा. तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "सुमे, बाकीच्या मेल्या तर मेल्या. ह्याला जप. ह्यो माझा न्हाई, तिचा हाय." पायात त्याच्या हिरवी चिंधी, गयाच्या लग्नातल्या लुगड्याची.

धुरळा खाली बसेपर्यंत रस्त्यावर उभी होते. मग कोंबड्यांना दाणे टाकले.

१५ नोव्हेंबर

दिवस कलला तशा सगळ्या आपापल्या घरी निघाल्या. ग.च्या सात तिच्या कुलूप लावलेल्या दारासमोर बसल्या, दार उघडायची वाट बघत. बाकीच्यांचंही तेच. एकेक उचलून माझ्या खुराड्यात आणली. दोघींनी हात फोडला टोचून.

त्यांना कोण सांगणार, मार्चपर्यंत दार उघडत नाही म्हणून.

२२ नोव्हें.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या ट्रकमध्ये मीही असायची. हे गेले आणि माझं जाणं थांबलं. तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम म्हणाला, "वहिनी, अर्धा कोयता घिऊन मी काय करू?" वाईट मनानं नव्हता म्हणाला. तरी लागलं.

ऊस तोडताना हाताची सालं निघायची, पहाटे थंडीनं दात वाजायचे. शिव्या द्यायची मी त्या फडाला. आणि आज त्याच्याच आठवणीनं डोळ्यांत पाणी. काय म्हणावं या बाईला!

गणेशचा फो. नाही.

३ डिसें.

सटवाईचा आणि माझा तुऱ्या, दोघं एकाच उबवणीतले, माझ्या ठिपकी कोंबडीचे. एक पिल्लू मीच ग.ला दिलं होतं. रंग तोच, शेपटी तीच. फक्त तुऱ्याचा तुरा डावीकडं कलतो. ग. म्हणते, देवाच्या जनावराला नाव ठेवू नये, जीव लागतो. मी माझ्याला नाव ठेवलं आणि लागलाच. जेवायला बसले की उंबऱ्यावर येऊन उभा. भाकरीचा पहिला तुकडा दिला नाही तर ओरडून घर डोक्यावर घेतो. सासूनंही एवढा धाक घातला नव्हता.

ग.चा फो. पहिला प्रश्न, "सटवाईचा कसा हाय?" मग पूजाचं, मग कोंबड्यांचं. मी कशी, ते विचारलंच नाही. फुगले थोडी. शेवटी म्हणाली, "खोपीत थंडी लई हाय. तुझ्या च्याची याद येती बग." राग गेला. आमचा राग कसला, फुंकर मारली की विझतो.

१९ डिसें.

ठिपकी खुडूक झाली. अकरा अंडी खाली घालून डालग्याखाली बसवली.

आज एकही कोंबडी स्वतःच्या घरी गेली नाही. सगळ्या सरळ माझ्या खुराड्यात. काम वाचलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. ग.च्या दाराशी जाऊन बघून आले. तिथं कुणीच नव्हतं. महिन्यात विसरल्या.

आबांशी बोलले. "आबा, जेवलात का?" "न्हाई, आज बाजार न्हाई." झालं. दिवसभरातलं एवढंच.

८ जाने.

नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी वाया. ठिपकी कुणाला जवळ येऊ देत नाही, मलाही नाही.

सटवाईचा लंगडत होता. बघितलं तर चिंधी पायात रुतलेली. कोंबडा वाढला, गाठ तशीच. सोडली, हळद-तेल लावलं. चिंधी धुऊन तारेवर टाकली. पाय बरा झाला की सैल बांधू.

१० जाने.

गणेश आला! न कळवता. चाकणहून थेट. चौदा महिन्यांनी. दाढी वाढवलीय, बारीक झालाय. उद्या सकाळी परत, एकच सुट्टी. घरात खोबरंसुद्धा नव्हतं. त्याला म्हटलं बस, आलेच. मांजरसुंब्याला पळाले.

परत आले तर

११ जाने.

काल पुढं लिहवलं नाही. सकाळच्या गाडीनं तो गेला.

परत आले तर यानं कोंबडा कापून, साफ करून ठेवलेला. हसत म्हणाला, "माय, तुला तरास नको म्हनून मीच केला. लाल होता बग, चांगला दांडगा." तुऱ्या उंबऱ्यावर उभा होता. तारेवर हिरवी चिंधी.

त्याला काय ठाऊक? त्याच्या लेखी अंगणातल्या सगळ्या कोंबड्या माझ्या.

मी बोलले नाही. बोलले असते तर तो जेवला नसता, कपाळाला हात लावून बसला असता. आणि परत चौदा महिने. वाटण वाटलं, रस्सा केला. "माय, तू बी बस की." बसले. खाल्लं. चवही लागली, खोटं कशाला लिहू. पोरगं तीन भाकरी जेवलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं, लहानपणी झोपायचं तसं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात. मी तर खाऊन टाकलं.

१२ जाने.

चिंधी तुऱ्याच्या पायात बांधली. सैल बांधली.

२० जाने.

ग.नं पूजाच्या मोबाईलवरून व्हिडिओ लावला. "दाव की गं त्याला." दाखवला. तुरा उजव्या हातानं झाकून धरला, लाडानं धरल्यासारखा. ग. लांबूनच पाया पडली त्याच्या. "लई चांगला ठिवलास, सुमे. भैनबी येवढं करत न्हाई."

फोन ठेवल्यावर चूल पेटवली नाही.

२ फेब्रु.

आबांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. गणेश, रस्सा, चिंधी, व्हिडिओ. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "व्हय, हरभरा बरा हाय यंदा."

तरी हलकं वाटलं. अर्धा दिवस.

९ फेब्रु.

गणेशचा आवाज आलाय मोबाईलवर. दोनदा ऐकला. "माय, त्या कोंबड्याची चव आजून जिभेवर हाय. पुडल्या बारीला पुना कर." पुढली बारी कधी, ते नाही सांगितलं. मी उत्तरात एवढंच पाठवलं, जेवत जा वेळेवर.

मुंगसानं दोन पिल्लं नेली. सात राहिली. घार परवडली, ती निदान वरून येताना दिसते.

२१ फेब्रु.

ग.चा फो. तीन दिवस बंद. बॅटरी नसेल. फडात कुठं चार्जिंग. असंच असेल.

पूजाचे दिवस भरलेत. माहेरचेही तिचे तोडीवरच. मागच्या दोन्ही वेळी काय झालं, ते मला माहीत आहे. दुसऱ्या वेळी त्याच फडात मी होते. तिला बैलगाडीत घातलं, तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

२३ फेब्रु.

फो. बंदच. सकाळी ओढ्याकाठी सटवाईच्या लिंबाखाली गेले. शेंदराच्या दगडासमोर बसले. नारळ न्यायचं सुचलं नाही. म्हटलं, खाल्लं मी. जे घ्यायचं ते माझ्याकडून घे. त्या पोरीला सोड. तिला आणि तिच्या सासूला यातलं काही ठाऊक नाही.

घरी आले तर तुऱ्या वाटेवर उभा. उशीर झाला म्हणून रागावलेला.

२४ फेब्रु.

मुलगी झाली! सरकारी दवाखान्यात. दोघी बऱ्या आहेत. ग. फोनवर रडत होती, हसत होती, एकदमच. "पावली गं सटवाई! पावली! तू तिचा कोंबडा जपलास, सुमे."

मी पण रडले. तिला वाटलं आनंदानं. आनंद होताच की. खूप होता. पण नुसता तोच नव्हता.

कोंबड्यांना आज डबल दाणे.

२७ मार्च

ट्रक आला. वस्तीवर एकदम एवढी माणसं, एवढा गलका, मला चक्करच आली. ग. काळी पडलीय, हाडं दिसतात. उतरली ती सरळ माझ्याकडं आणि बाळ माझ्या मांडीवर. घरात सामान नेण्याआधी, कुलूप काढण्याआधी. "आधी तुझ्या मांडीवर," म्हणाली. बाळाची मूठ माझ्या बोटाला घट्ट.

मग तिनं तुऱ्या पाहिला. जवळ घेतला. चिंधी चाचपली. बराच वेळ बघत राहिली.

"ह्याचा तुरा कलताय व्हय गं?"

"वाढला की कलतो," मी म्हटलं.

"व्हय," म्हणाली. आणि चहा मागितला.

२८ मार्च

ग.च्या कोंबड्या काही केल्या तिच्या घरी जाईनात. सगळ्या माझ्या खुराड्यात. ती कमरेवर हात ठेवून हसत होती, "घ्या! ह्या बी तुज्याच झाल्या!" मलाच त्यांना बाहेर काढून फाटक लावून घ्यावं लागलं. फाटकाबाहेर ओरडत होत्या. मग गेल्या हळूहळू. बाकीच्या घरच्याही.

आत आता माझ्या पाच, तुऱ्या आणि वाचलेली सात पिल्लं.

३ एप्रिल

परवा बाळाला सव्वा महिना पूर्ण. सहा तारखेला सकाळी सटवाईला जायचं ठरलं. ग. रोज दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसते, चहा पिते, बाळाची टाळू दाखवते. चार महिने याचीच वाट बघत होते. आणि आता ती आली की कधी उठते असं होतं.

न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कोंबडा तोच रंग, तीच उबवण. मूल झालंय, धडधाकट आहे. गणेशला माहीत नाही, आबांना ऐकू नाही. सांगितलं तर ग. या ओट्यावर परत बसेल का? वस्तीवर मला दुसरं कोण आहे.

पण बाळाला पुढं साधा ताप जरी आला, तरी मला हाच रस्सा आठवणार. आणि ग. माझ्याच गळ्यात पडून विचारणार, माझं काय चुकलं म्हणून.

५ एप्रिल

दुपारी ग. म्हणाली, "उद्या त्याला तूच कडेवर घे. मी न्हाई घेनार. तू वाढवलास, मान तुजा."

हो म्हटलं. 

संध्याकाळी तुऱ्याला मांडीवर घेऊन बसले. कधी बसत नाही तो असा, आज बसला. चिंधीची गाठ सोडली. तशी सैलच होती. धुतली, तारेवर टाकली, जानेवारीत टाकली होती तिथंच. तोंडानं मला सुरुवात करता येणार नाही, तीन महिन्यांत आली नाही. पण तिनं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढं ठरवलंय. आणि ती विचारणार. तिची नजर आधी त्याच्या पायाकडं जाते.

तुऱ्याला भाकरीचा पहिला तुकडा दिला. दुसराही दिला.

६ एप्रिल

सकाळ. आलेत सगळे अंगणात. पूजा नव्या साडीत, बाळाला काजळ-तीट. आबासुद्धा काठी टेकत आलेत. मी अजून आतच, पदर नीट करते म्हणून सांगितलंय. वाळलेली चिंधी मुठीत आहे.

ग.नं तुऱ्याला उचललं वाटतं, ओरडतोय. हाक आली.

"सुमे, ह्याची चिंधी कुटं गेली गं?"

वही ठेवते. जाते.