बाबांचं टपाल

शुक्रवार, दुपार

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप असावीस, देवापाशी रोज तेवढंच मागते. मेलवर तू माझा पत्ता बंद केलास, म्हणून हे कागदावर. कोरा कागद कशाला वाया घालवू, छापून टाकून दिलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. नळ दुरुस्त झाला. बाबा हल्ली घरूनच कार्यालयाचा मेल सर्व्हर बघतात. म्हणजे बघत होते.

मी मध्येच उठले, बाबांना पाणी हातात देऊन आले.

तर त्यांनी ठरवलं, त्यांची मेल माझ्या फोनवर वळवायची. मला संगणकापुढे बसवलं आणि एकेक अक्षर सांगू लागले. माझा पत्ता लिहिलेली फाईल तयार झाली, पण मेल काही येईना. वैतागून म्हणाले, फाईल सर्व्हरला वाचता येत नसेल, सगळ्यांना वाचणं-लिहिणं सगळं मोकळं करून टाक. मी केलं. तरी शुकशुकाट. ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले, चौकटीवर आपटले. शेवटी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाईंना मीच फोन लावला.

त्या हसल्या. "सर, तुम्हीच तर शिकवलंत. कुणीही येऊन खरडेल अशा फाईलवर सर्व्हर भरवसा ठेवत नाही."

मग ती फाईल बाबांच्या नावावर केली, बाकीच्यांचं लिहिणं बंद केलं, आणि मेल सुरू.  बाबा शिकवलेलं विसरले नव्हते गं. मी फाईल मुळात भलत्याच नावावर करून ठेवली होती, ते त्यांना पडद्यावर दिसतच नव्हतं, म्हणून अंदाजाने सांगत होते. डोळ्यांत आतून रक्त उतरलंय, वाचता येत नाही. डॉक्टर बघू म्हणतात, पुढे काही बोलत नाहीत.

वळवलेली पहिलीच मेल तुझी. त्यात तू लिहिलंस, बाबा उत्तर देत नाहीत, आईने त्यांनाही फितवलं, रविवारी घर बदलतेय, नवा पत्ता कळवणार नाही. मी ती त्यांना वाचून दाखवली. फितवल्याची ओळ गाळता आली असती, त्यांना कळलंही नसतं. पण वाचली.

बराच वेळ ते खुर्चीचा हात चोळत राहिले. मग म्हणाले, "डोळ्यांचं तिला कळवू नकोस. कीव येऊन लिहील."

मी बरं म्हटलं, आणि आत येऊन हे लिहायला घेतलं. रविवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून जादा पैसे भरून पाठवते आहे. पैशाच्या बाबतीतला माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, त्यावरून काय ते समज.

बाबांना लिही. माझ्याबद्दल जे लिहायचं तेही लिही, एक शब्द गाळणार नाही. ते सांगतील ते उत्तर टंकीन, पदरचं काही घालणार नाही. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझं वाचून दाखवणारी,
आई